टीव्हीचं 'कॅलिब्रेशन' म्हणून पैसे घेतले आणि आण्णांना वाटायला लागलं डोळ्याचं ऑपरेशनच बिघडलं

नवीन फोर-के टीव्ही घेणार असाल, किंवा घेतलाय आणि दुकानदाराने त्याच्यासोबत "पिक्चर पॅकेज" गळ्यात मारलंय, तर हे शेवटपर्यंत वाचा. माझे ८,५०० रुपये गेले त्याचं दुःख आहेच, पण आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जो महिनाभर त्रास झाला तो माझ्या मनातून जात नाही म्हणून लिहितेय.

माझं माहेर सांगलीत गावभागात. २०१९ च्या पुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं तेव्हा, खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, टीव्ही पण. त्यानंतर एक ३२ इंची साधा टीव्ही वरच्या खोलीत होता तोच चालत होता. २०२५ च्या मे महिन्यात आण्णांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं, एकदम मस्त झालं, पेपर बिनचष्म्याचा वाचायला लागले, तेव्हाच मी ठरवलं होतं की दसऱ्याला त्यांना मोठा टीव्ही घ्यायचा. २२ सप्टेंबरपासून ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जो ५५ इंची ५० हजाराला सांगत होते तो ४६ हजाराला मिळाला.

आणि दुकानदाराने नेमकं हेच धरलं. "ताई, जीएसटीत चार हजार वाचलेत ना तुमचे, ते पिक्चरवर टाका की. नुसता टीव्ही नेऊन काय उपयोग, फोर-के नीट दिसायला सेटअप लागतो." मग त्याने शेजारी शेजारी लावलेले दोन टीव्ही दाखवले, एकाच मॉडेलचे. डावीकडचा कॅलिब्रेट केलेला, म्हणजे रंग-उजेड नीट जुळवलेला, उजवीकडचा नुसता खोक्यातून काढून लावलेला. डावीकडे पोपट, धबधबा, पाण्याचा एकेक थेंब मोजून घ्यावा असा. उजवीकडे बातम्या चालू होत्या आणि खालची पट्टी सुद्धा पुसट दिसत होती. फरक बघून मी गारच पडले. आता कळतंय की डावीकडे पेनड्राईव्हवरची कंपनीची डेमो फिल्म होती आणि उजवीकडे केबलचा साधा एसडी चॅनेल, ज्याच्यात चित्राच्या ५७६ रेघा असतात, तो फोर-केच्या २,१६० रेघांवर ताणून दाखवला की पुसटच दिसणार. दोन्हीवर एकच गोष्ट लावून दाखवा एवढं म्हणायला पाहिजे होतं, त्या क्षणी सुचलं नाही. तुम्ही गेलात तर पहिलं हेच म्हणा.

पॅकेज असं होतं, ४,२०० ची "एट-के गोल्ड" एचडीएमआय केबल (सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडायची) आणि ३,५०० चं "यूएचडी कॅलिब्रेशन" (यूएचडी म्हणजे फोर-केच), घरी येऊन माणूस करणार. टीव्हीचे पैसे कार्डने घेतले, पक्कं बिल दिलं. पॅकेजचे ७,७०० मात्र "ताई हे गुगल पे करा" म्हणून एका वेगळ्याच नावाच्या नंबरवर घेतले आणि त्याची कच्ची चिठ्ठी, वर नुसतं 'एस्टिमेट' लिहिलेलं. सणाची गर्दी होती, आण्णा गाडीत बसले होते, मी घेतली आणि पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या दिवशी माणूस आला. भिंतीवर टीव्ही बसवला, चालू केला. सुरुवातीला भाषा वगैरे विचारतो ना टीव्ही, त्याच्यात पुढे दोन चौकोन आले, एकावर घराचं चित्र आणि एकावर दुकानाचं. त्याने दुकानावर दाबलं आणि पुढे गेला. मी शेजारीच उभी होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं, पण मला काय माहिती त्याचा अर्थ. मग रिमोट घेऊन बसला, कॉन्ट्रास्ट पूर्ण, शार्पनेस पूर्ण, कलर पूर्ण, व्हिव्हिड म्हणजे भडक रंगांचा मोड. बारा मिनिटं लागली असतील. हातात रिमोट सोडून काही नव्हतं. "बघा ताई, कसा टीव्ही उठून दिसतोय." दिवसा खिडकी उघडी असताना खरंच उठून दिसत होता.

संध्याकाळी खिडक्या लागल्या आणि खरा प्रकार सुरू झाला. माणसांची तोंडं अशी, की नवरदेवाला हळद लावून बसवलंय. अक्षरांच्या कडेने पांढऱ्या रेघा. मालिकेतली माणसं चालली की गुळगुळीत, जशी काय पाण्यावरून घसरतायत. आण्णा काही बोलले नाहीत. मुलीने हौसेने आणलाय म्हणून बोलायचेच नाहीत. आईने चौथ्या दिवशी फोनवर सांगितलं की हे टीव्हीसमोर बसले की डोळ्याला पाणी येतंय, खुर्ची तिरकी करून बसतायत, आणि काल मला विचारलं, "माझं ऑपरेशन नीट झालंय नव्हं?"

मी जाऊन ब्राइटनेस कमी केला. थोड्या वेळाने आपोआप परत जसाच्या तसा. पुन्हा कमी केला, पुन्हा तेच. दुकानात फोन केला तर म्हणाला कॅलिब्रेशन उतरलंय, माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज ८००. पाठवला. त्याने दहा मिनिटं परत तेच केलं आणि ८०० घेऊन गेला. दोन दिवसांनी मी परत फोन केला तेव्हा दुकानदार जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, "ताई, टीव्ही ओके आहे. आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, नवीन लेन्सला असंच भगभगीत दिसतं, सवय होईल." आणि फोन स्पीकरवर होता. आण्णा समोर बसलेले.

त्या दिवसापासून आण्णांनी टीव्ही लावणंच सोडलं. जुना रेडिओ काढून बसायचे. शेवटी मी त्यांना मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून सगळं तपासलं, म्हणाले दोन्ही डोळे एकदम छान आहेत. मग त्यांनीच विचारलं, टीव्ही कुठला, खोलीत अंधार करून बघता का, ब्राइटनेस किती असतो. आण्णा रिक्षात एवढंच म्हणाले, "चला, डोळं तरी चांगलं हायती."

२ नोव्हेंबरला महिला वर्ल्डकपची फायनल होती. आपल्या सांगलीची स्मृती मानधना ओपनिंगला येणार म्हटल्यावर गल्लीत कुणाच्या घरी टीव्ही बंद असेल असं शक्यच नव्हतं. माझा मावसभाऊ मिरजेत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, तो मॅच बघायला आला. नवी मुंबईत पाऊस, सामना दोन तास उशिरा सुरू झाला. त्या दोन तासांत आमच्या टीव्हीची फसवणूक उघडी पडली. तो आत आला, स्क्रीनच्या कोपऱ्यात अधूनमधून एक पट्टी यायची, 'फोर-के, एचडीआर, डॉल्बी' असं लिहिलेली, आई समजायची ती कंपनीची जाहिरात असते, ती बघून म्हणाला, "ताई, हा टीव्ही स्टोअर मोडवर आहे. दुकानात ट्यूबलाईटच्या उजेडात चमकायला असतो तो मोड, घरात नाही लावायचा. म्हणून तर तू कमी केलेलं परत वर जातंय, टीव्ही स्वतःच काही मिनिटांनी दुकानाच्या सेटिंगवर जातो." म्हणजे ते 'उतरलेलं' कॅलिब्रेशन हे होतं. आठशे रुपयाला उतरतं आणि आठशे रुपयाला चढतं.

त्याने जे केलं ते सविस्तर सांगते, कारण हे सगळं टीव्हीच्या मेनूत आहे आणि फुकट आहे. आधी जनरल सेटिंगमध्ये जाऊन स्टोअरचा होम मोड केला. मग पिक्चर मोड व्हिव्हिडचा काढून सिनेमा केला, काही टीव्हीत त्याला मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड म्हणतात. कलर टेम्परेचर 'वॉर्म'. शार्पनेस जवळजवळ तळाला आणला, आणि अक्षरांच्या त्या पांढऱ्या रेघा माझ्या डोळ्यादेखत गेल्या, शार्पनेस म्हणजे नवीन बारकावे नसतात, कडेला रेघ ओढून धारदार असल्याचा भास असतो असं तो म्हणाला. हालचाल तशी गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंग बंद, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं पण त्यात बहुतेक 'मोशन' हा शब्द असतो. चित्र कडेने कापलं जात होतं ते स्क्रीन फिट करून पूर्ण आणलं. बॅकलाईट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, दिवसा जास्त, रात्री कमी, हे मात्र आपल्या खोलीप्रमाणे आपणच ठरवायचं. लगेच आई म्हणाली, "पिवळट आणि फिकं झालं की रे." तो म्हणाला, "मावशी, दहा मिनिटं थांब, डोळ्याला निळ्या उजेडाची सवय लागलीय." आणि खरंच, मॅच सुरू झाली तोपर्यंत गवत गवतासारखं, जर्सी जर्सीसारखी आणि माणसांचा रंग माणसांचा दिसत होता. आण्णा आतल्या खोलीतून येऊन दारात उभे राहिले, मग हळूच खुर्चीवर बसले. स्मृतीने ४५ काढल्या, भारत ५२ रनांनी जिंकला, रात्री बारा वाजून गेले तरी आण्णा खुर्ची सरळ ठेवून बसलेले. एकदाही डोळे पुसले नाहीत.

आता त्या केबलचं. भावाने ती सेट-टॉप बॉक्समधून काढली, हातात धरून बघितली, जाड, कापडी विणीची, टोकाला सोनेरी. तिच्या जागी बॉक्ससोबत आलेली पातळ काळी केबल लावली. चित्रात सुतभरही फरक नाही. कारण आमचा बॉक्स एचडी आहे, तो जास्तीत जास्त १९२० बाय १०८० चंच चित्र देतो, त्याला फोर-केची केबल लावून काय होणार. आणि खऱ्या फोर-केचं जे आपण बघतो, यूट्यूब किंवा ओटीटी, ते टीव्हीतल्या अ‍ॅपवर वायफायने येतं, तिथे एचडीएमआय केबलचा संबंधच नाही. एचडीएमआयमध्ये डिजिटल सिग्नल असतो, तो पोचला तर पूर्ण पोचतो, नाहीतर चित्र तुटतं, ठिपके येतात, स्क्रीन काळी होते. महाग केबलने रंग गडद होत नाहीत. कुणाकडे गेमिंगचा बॉक्स किंवा फोर-के प्लेअर असेल तर चांगली केबल लागते हे खरं, पण त्यासाठी 'प्रीमियम हाय स्पीड' किंवा 'अल्ट्रा हाय स्पीड' असं छापलेलं आणि क्यूआर कोडचं सर्टिफिकेशन लेबल असलेली घ्या, तो कोड फोनवरच्या अ‍ॅपने स्कॅन करून खरी-खोटी कळते. आमच्या ४,२०० च्या केबलवर असलं काहीही नव्हतं, नुसतं 'एट-के' छापलेलं.

कॅलिब्रेशन हा प्रकार खोटा नाही हेही सांगायला पाहिजे. पण ते करणारा माणूस स्क्रीनवर मीटर लावतो, एकेक ठरलेला रंग आणि करडा पट्टा दाखवून मोजतो, पांढरा रंग ६५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या, जवळ आणतो, त्याला वेळ लागतो आणि शेवटी आधीचे-नंतरचे आकडे हातात देतो. मीटर नसेल तर ते कॅलिब्रेशन नाही. आणि पुष्कळ टीव्हीत प्रत्येक इनपुटचं आणि एचडीआरचं (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचं) सेटिंग वेगळं साठवलं जातं, तेव्हा एका चॅनेलवर बारा मिनिटात केलेलं सगळीकडे लागू होतं हेही खोटंच.

चित्र खरंच सुधारायचं असेल तर पैसे कुठे लागतात तेही बघा. नेटफ्लिक्सचं फोर-के फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये आहे आणि नेटचा स्पीड किमान १५ एमबीपीएस लागतो. एचडी बॉक्स असून पुष्कळ जण जुन्याच नंबरवरचा एसडी चॅनेल बघत बसतात, आईचंही तेच चाललं होतं, एचडीचा नंबर कागदावर लिहून रिमोटला चिकटवून दिला. आणि सोफा ११ फुटांवर असेल, आमचा आहे, तर ५५ इंचीवर फुल एचडी आणि फोर-के यातला फरक डोळ्याला फारसा कळत नाही, हे मला कुठल्याच दुकानात सांगितलं नाही.

मी दुकानात गेले. केबल परत घेतली, बरीच वादावादी झाल्यावर २,५०० दिले. कॅलिब्रेशनचे आणि व्हिजिटचे नाही देणार म्हणे, सर्व्हिस दिलीय. मी म्हटलं, ७४ वर्षांच्या माणसाला डोळ्यात दोष आहे म्हणून सांगितलंत, त्याचं काय? त्यावर गप्प. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवलीय, नाहीच सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत जायचं असतं. कच्ची चिठ्ठी असली तरी गुगल पेची नोंद आणि "कॅलिब्रेशन डन" असा त्यांच्या माणसाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे आहे. तुमच्याकडे असं काही असेल तर डिलीट करू नका.

गेल्या रविवारी समोरच्या काकूंनी बोलावलं, त्यांनीही दिवाळीला तिथूनच टीव्ही घेतलाय. "जरा बघ गं, माझं डोकं दुखतंय टीव्ही बघून, चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं." मी आत गेले तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तीच पट्टी. मी काकूंना म्हटलं, आधी मला रिमोट द्या, आणि ती चिठ्ठी कुठे ठेवलीय ते शोधा.