नेदरलँड्समधील कंत्राटी कामासाठी घेतलेली सल्लासेवा: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

इंदूरमध्ये एबी रोडवरील एका सल्लासेवेला मी जानेवारी २०२५ मध्ये दोन हप्त्यांत ८५,००० रुपये भरले. फी परत मागण्यावरून गेल्या आठवड्यात त्यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले तीन महिने माझे मत चांगले होते. त्यांनी माझा चार पानी बायोडेटा दोन पानांवर आणला आणि मुलाखतीचा सराव नेटाने करून घेतला; त्याचे श्रेय मी आजही त्यांना देते.

एप्रिलमध्ये युट्रेक्टच्या एका कंपनीचे बारा महिन्यांचे कंत्राट आले. रामबागेतल्या घरी जेवणानंतर दादाने ते वाचायला घेतले, दुसऱ्या पानावर ‘स्वतंत्र कंत्राटदार’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारले, “तुला नोकरीवर घेतलंय, असं यात कुठे लिहिलंय?”

तसे कुठेच लिहिलेले नव्हते. माझ्यासारख्या सॉफ्टवेअर टेस्टरचा नेहमीचा मार्ग म्हणजे उच्चकुशल स्थलांतरिताचा परवाना, आणि त्यासाठीचा अर्ज आयएनडी या डच स्थलांतर खात्याने मान्यता दिलेली, आपल्याला नोकरीवर घेणारी कंपनीच करते. २०२५ साठी किमान पगार तिशीच्या आत दरमहा ४,१७१ युरो आणि त्यापुढे ५,६८८ युरो होता, तोही सुट्टीचा भत्ता वगळून. स्वतंत्र व्यावसायिकाचा परवाना वेगळा असून त्यासाठी व्यवसायाचा आराखडा लागतो आणि अर्ज गुण देऊन तपासला जातो. अमेरिकी व जपानी नागरिकांना करारांमुळे मिळणारी सवलत आपल्याला नाही.

मला सर्वांत जास्त चीड एका गोष्टीची आहे. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी आयएनडीच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते. सल्लासेवेने ज्या ४१ कंपन्यांकडे माझा बायोडेटा पाठवला होता, त्यांची नावे मी एका रात्रीत त्या यादीशी ताडून पाहिली, तर २६ नावे तिच्यात नव्हतीच. पैसे घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी करायचे हे काम होते.

त्यानंतर मी त्याच यादीतून, माणसे स्वतःच्या पगारपत्रकावर घेऊन ग्राहकाकडे कामाला पाठवणाऱ्या कंपन्या शोधल्या आणि १९ ठिकाणी स्वतः अर्ज केले. ऑगस्टमध्ये आइंडहोवेनच्या एका कंपनीने एका वर्षासाठी नोकरीवर घेतले. काम कंत्राटीच आहे, पण पगार आणि परवाना या दोन्हींची जबाबदारी त्या कंपनीची आहे. प्रकल्प मध्येच संपून नोकरी गेली, तर नवी मान्यताप्राप्त कंपनी शोधायला जास्तीत जास्त तीन महिने मिळतात, म्हणून नोटिशीचा कालावधी मी लेखी मागून घेतला.

राहता राहिली फी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. माझ्या पावतीवर नोंदणी क्रमांक नाही. “आम्ही भरती करत नाही, फक्त सल्ला देतो,” असे ते म्हणतात. पण ४१ कंपन्यांकडे बायोडेटा पाठवल्याची त्यांचीच ईमेल माझ्याकडे आहे. ती जोडून मी मर्यादेपेक्षा जास्त घेतलेल्या ४९,६०० रुपयांची लेखी मागणी केली असून, पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तक्रार नोंदवणार आहे.