टेलि-मानस १४४१६: सोलापूरच्या शिक्षकांना ही सेवा कितपत उपयोगी पडते?

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची फोनसेवा आहे. ती मोफत असून चोवीस तास चालते. क्रमांक १४४१६, आणि तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. सेवा सर्वांसाठी आहे, पण हे परीक्षण फक्त शिक्षकांच्या गरजेतून केलं आहे. करमाळा, सांगोला, मंगळवेढ्याच्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत काम करणाऱ्यांच्या जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसतो. फोन मात्र असतो.

फोन लागला की आधी भाषा निवडायची. सोलापुरात ही सोय फार मोलाची आहे. शहराच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे शिक्षक आहेत, अक्कलकोटकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, उर्दू शाळा आहेत. मन मोकळं करायचं तर ते आपल्या भाषेतच होतं. पुढे प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज वाटली तर तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जिल्ह्यातल्या सरकारी उपचाराकडे पाठवतो.

फोन करताना सर्वाधिक गडबड होते ती पहिल्या दोन मिनिटांत. "खूप टेन्शन आहे" एवढंच सांगितलं तर समोरूनही दीर्घ श्वास घ्या, पुरेशी झोप घ्या असाच सल्ला येण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा आधी कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: झोप कधी मोडते आणि किती आठवड्यांपासून, जेवण कमी झालंय का, बीपी, शुगर किंवा थायरॉइडच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि वर्गात नेमकं काय बदललंय. शेवटची गोष्ट शिक्षक हमखास लपवतात. किरकोळ कारणावरून मुलावर हात उठेल की काय, अशी भीती वाटते आणि मग दिवसभर अपराधी वाटत राहतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला बंदी आहे, म्हणून ही भीती सहकाऱ्यांजवळही बोलता येत नाही. समुपदेशकाला ती जरूर सांगा. आपण किती थकलो आहोत, हे त्याला यातून सर्वांत लवकर कळेल.

आपलं कामही समजावून सांगावं लागतं. बाहेरच्या माणसाला शिक्षकाचा दिवस म्हणजे अकरा ते पाच वाटतो. चाळीस मुलांसमोर आवाज आणि चेहरा दिवसभर सांभाळणं हे वेगळंच श्रमाचं काम आहे. उपाशी आलेलं मूल, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं आणि पटावर नुसतं नावापुरतं उरलेलं मूल, सातवीतच लग्नाची बोलणी सुरू झालेली मुलगी, हे सगळं पाहूनही पुढचा तास हसतमुखाने घ्यावा लागतो. त्यात पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरणं, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम आणि "आजच्या आज माहिती पाठवा" असे निरोप. राग आणि दुःख रोज गिळल्यावर माणूस बधिर होत जातो. मुलांबद्दल काहीच वाटेनासं झालं, तर तो थकवा नुसता उन्हाळी सुट्टीने जाईल अशी आशा धरू नये.

आता सेवेची मर्यादा. ही तक्रार निवारणाची खिडकी नाही. बदली, संचमान्यता (शाळेला मंजूर होणारी शिक्षकसंख्या), रखडलेला पगार, शिक्षणसेवकाचं मानधन, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) यातलं काहीही समुपदेशकाच्या हातात नसतं. शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. त्यापलीकडचं काम लादलं जात असेल तर संघटनेकडे लेखी अर्ज द्या. फोन करायचा तो त्या कामाने मनावर झालेल्या परिणामासाठी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की "काही उपयोग नाही" म्हणून पुन्हा कोणी फोन करत नाही, आणि चांगली सेवा हातची जाते.

गावात कळेल ही भीतीही खरी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना परस्पर माहिती मिळत नाही. खरी अडचण असते ती जागेची. स्टाफरूममध्ये बोलता येत नाही, एसटीत तर नाहीच. शिक्षिकांना घरी पोचताच स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास गाठतो. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात अर्धा तास थांबून बोलणं बरं पडतं.

पुढे पाठवलंच, तर सोलापुरात सिव्हिलचा मानसोपचार विभाग आहे. ओपीडी सकाळची, म्हणजे नेमकी शाळेच्या वेळेत, म्हणून किरकोळ रजा टाकून जावं. रजेच्या अर्जात "वैयक्तिक कामासाठी" एवढं पुरतं. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ किंवा गुंगीसारखा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होऊ शकतो, त्यामुळे अनेक जण तिथेच गोळ्या सोडतात. तसं न करता डॉक्टरांना विचारावं, मात्रा बदलता येते.

फोन कधी करायचा? उदासपणा किंवा कशातच मन न लागणं दोन आठवडे जवळपास रोज राहिलं, तर लगेच. जीव नकोसा वाटत असेल तर त्या क्षणी करा आणि एकटं राहू नका. तातडीच्या वेळी ११२.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, तेव्हा जिल्ह्याने अभिमानाने मान उंचावली. तो अभिमान रास्तच होता. पण एरवी पारावर शिक्षकाबद्दल ऐकू येतं ते "निम्मं वर्ष सुट्टी, फुकटचा पगार". एका बाजूला गुरू म्हणून पाया पडणं, दुसऱ्या बाजूला हे बोलणं. दमलेला, खचलेला शिक्षक यात कुठेच बसत नाही. म्हणूनच मदत मागणाऱ्याला "तुम्हीच असं म्हणालात तर मुलांनी काय करायचं?" असं ऐकावं लागतं. हे थांबायलाच हवं.

आमची शिफारस: पहिली पायरी म्हणून ही सेवा नक्की वापरा. आठवड्यागणिक एकाच समुपदेशकाशी बोलायचं असेल तर प्रत्यक्ष भेटीचाच मार्ग धरा. मुख्याध्यापकांनी हा क्रमांक सूचनाफलकावर सगळ्यांसाठी लावावा, बैठकीत कोणाकडे बोट दाखवून सांगू नये. आणि एखाद्या सहकाऱ्याची ओपीडीची तारीख असेल, तर त्या दिवशीचे त्याचे तास न विचारता वाटून घ्यावेत.