डॉझल: सर्व्हरचे चालू लॉग ब्राउझरमध्ये, काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो, मग तपशील. एक-दोन सर्व्हरवर मोजके कंटेनर (प्रोग्रॅमचे सुटे, बंदिस्त डबे) चालवणाऱ्या छोट्या टीमसाठी डॉझल एक नंबर आहे: त्या प्रोग्रॅमचे लॉग, म्हणजे चालता-चालता लिहिलेल्या नोंदी, ते ब्राउझरमध्ये दाखवतं. फक्त ‘काल रात्री काय झालं होतं?’ हे त्याला विचारू नका.

आमचं ऑफिस कोल्हापुरात, शाहूपुरीत. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले फौंड्रीवाले. कास्टिंगच्या ऑर्डरी, डिस्पॅच, ई-वे बिल हे सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर चालतं. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये, आत सगळं डॉकरवर, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तक्रारीचा फोन आला की सपोर्टच्या मुली आम्हाला हाक मारायच्या, आम्ही हातातलं काम टाकून एसएसएचने (दुरून सर्व्हरवर लॉग-इन करून) आत शिरायचो, लॉग लावायचो आणि म्हणायचो, “आता परत बटण दाबायला सांगा.” सर्व्हरची किल्ली दोघांकडेच. एक जेवायला गेला आणि दुसरा जोतिबाला, की सपोर्ट बंद.

डॉझल हे ओपन सोर्स, एमआयटी परवान्याचं, गो भाषेत लिहिलेलं छोटं साधन. तेही एक कंटेनरच. डॉकरचं सॉकेट (डॉकरशी बोलायची वाट) जोडायचं, ८०८० पोर्ट उघडायचा, झालं. डेटाबेस नाही की इंडेक्स नाही. डावीकडे कंटेनरची यादी, उजवीकडे वाहता लॉग. जेसन (नाव-किंमत जोड्यांत लिहिलेली) ओळ आली तर तिचे भाग सुटे करून दाखवतं, एररला रंग देतं. मला सगळ्यात आवडलं ते दोन कंटेनर शेजारी-शेजारी लावणं: इकडे एपीआय (मागणी घेणारा भाग), तिकडे वर्कर (मागून ती पार पाडणारा), म्हणजे मागणी कुठं अडकली ते डोळ्यांना दिसतं.

पण खरा फरक पडला तो आम्हाला नाही, सपोर्टला. एक नमुना सांगतो. “मॅडम, गाडी भरून उभी हाय, बिल निघंना बघा.” माल बेळगावला चाललेला, गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर २९ ने सुरू होणारा, म्हणजे कर्नाटकचा, आणि पत्त्यात राज्य निवडलंय महाराष्ट्र. पूर्वी हे शोधायला आमच्यापैकी कुणीतरी उठायचं. आता मॅडमच फोन कानाला लावून डॉझलमध्ये त्या फौंड्रीचा कोड शोधतात, ओळ वाचतात आणि सांगतात, “पत्त्यातलं राज्य बदला आणि परत पाठवा.” गाडी सुटते, आम्हाला पत्ताही नसतो.

याचा एक परिणाम मी धरलाच नव्हता. लॉग आता प्रोग्रॅमर नसलेली माणसं वाचायला लागली, तसे प्रश्न यायला लागले: ‘नन-टाइप एरर’ म्हणजे गिऱ्हाइकाला काय सांगायचं? मग आम्ही संदेश नीट लिहायला घेतले. कुठल्या फौंड्रीचं, कुठलं चलन, काय अडलं, हे एका ओळीत आलंच पाहिजे. आणि जे दिसायला नको ते काढलं. मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन असल्या गोष्टी लॉगमध्ये पडून राहतात आणि फक्त दोघंच बघतात तोवर त्या कुणाला खुपत नाहीत. जास्त डोळे आले की खुपतात, ते बरंच आहे.

बसवताना अडखळायच्या जागा आहेत. पायथनचा प्रोग्रॅम टर्मिनलला जोडलेला नसला की आउटपुट साठवून ठेवतो आणि गठ्ठ्यानं सोडतो, म्हणजे ‘चालू’ लॉग मिनिटभर गप्प, मग एकदम शंभर ओळी. ‘अनबफर्ड’चं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की सुटतं. पुढं एनजिनएक्स (मधला वेब सर्व्हर) असेल तर त्याचंही बफरिंग त्या पत्त्यापुरतं बंद करा. तिसरी गंमत टॅबची. लॉग ब्राउझरकडे सर्व्हर-सेंट इव्हेंट्सनं (सर्व्हर उघड्या जोडणीवरून ओळी ढकलत राहतो त्या पद्धतीनं) येतो, म्हणजे प्रत्येक टॅब एक जोडणी धरून बसतो. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टला सहाच जोडण्या देतो, त्यामुळे सातवा टॅब नुसता फिरत राहतो. एचटीटीपी २ चालू केलं की हा प्रश्न मिटतो. वेळेचंही तसंच: डॉझल बाजूला दाखवतं ती वेळ ब्राउझरची, आपली भारतीय. ओळीच्या आत प्रोग्रॅमनं छापलेली वेळ बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), साडेपाच तास मागं. सपोर्टला हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर दुपारच्या तक्रारीला सकाळचा लॉग लावून बसतील.

सुरक्षेबद्दल मात्र मी कडक आहे. डॉझल बसवल्या-बसवल्या पासवर्ड मागत नाही. तो आपण चालू करायचा, युजर एका वायएमएल (साध्या मजकुराच्या सेटिंग) फाइलमध्ये लिहायचे. डॉकरचं सॉकेट ‘रीड-ओन्ली’ जोडलं म्हणून निर्धास्त राहू नका. त्यानं सॉकेटची फाइल बदलता येत नाही एवढंच, सॉकेटमधून डॉकरला हुकूम देता येतातच. म्हणून आमचं डॉझल व्हीपीएनच्या (खासगी नेटवर्कच्या) आत आहे, उघड्या इंटरनेटवर नाही. कंटेनर चालू-बंद करायची बटणं मुळात बंद असतात, ती तशीच ठेवलीत. फिल्टर लावून सपोर्टला डेटाबेसचा कंटेनर दाखवत नाही. निनावी वापर-माहिती डॉझल पाठवतं, ती एका सेटिंगनं थांबते.

आता ‘काल रात्रीचं विचारू नका’ असं सुरुवातीला म्हटलं, त्याचं कारण. डॉझल स्वतः काहीच साठवत नाही, डॉकरकडे जे आहे तेच दाखवतं. आणि डॉकरचा नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर (लॉग साठवणारा भाग) कंटेनर पुसला की त्याचा लॉगही पुसतो. म्हणजे संध्याकाळी नवी आवृत्ती चढवली, की दुपारचा लॉग गेला. उलट कंटेनर बराच काळ तसाच चालला तर फाइल फुगत जाते, कारण मर्यादा आपण घातल्याशिवाय नसते. शिवाय सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय, ते या साधनाकडून होणार नाही. आम्ही डॉकरला जर्नलडी (लिनक्सची स्वतःची लॉग-वही) ड्रायव्हर दिला, त्यात कंटेनर गेला तरी ओळी राहतात, आणि रोज रात्री त्या कॉम्प्रेस होऊन दुसऱ्या डिस्कवर जातात. लोकी (लॉग साठवणारं) आणि ग्राफाना (ते दाखवणारं) हा मोठा मार्ग आहे, पण ते सांभाळायला माणूस लागतो, आणि तो आमच्याकडे नाही. नुसता वेबसाइटचा अॅक्सेस लॉग (कोण कुठलं पान उघडतं त्याची नोंद) बघायचा असेल तर गोअॅक्सेस घ्या, ते आकडेमोड करून देतं.

पावसाळ्यात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की आमची अर्धी टीम घरूनच काम करते. तेव्हा मोबाइलवरही डॉझलचं पान नीट चालतं, अक्षर बारीक असलं तरी. भरभरून लिहिणारा कंटेनर मात्र मोबाइल डेटावर उघडा ठेवू नका.

दुसरा सर्व्हर येतोय, त्यासाठी डॉझलचा एजंट (तिथले लॉग इकडे पाठवणारा भाग) लावून बघितला. दुसऱ्या मशीनवर तो ७००७ पोर्टवर बसतो आणि दोन्हीकडचे कंटेनर एकाच पानावर दिसतात. तो पोर्टही आतल्या नेटवर्कपुरताच उघडलाय.