सिलेक्टिव्ह म्यूटिझम: आधी वर्तनोपचार की औषध?

घरी अखंड बडबडणारं मूल शाळेच्या दारात पाऊल टाकताच गप्प होतं. हा हट्ट नाही. भीतीने आवाजच फुटत नाही. म्हणूनच २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या वर्गीकरणात सिलेक्टिव्ह म्यूटिझम चिंताविकारांमध्ये धरला गेला. मग उपचार कोणता?

माझा कौल आधी वर्तनोपचाराला, विशेषतः मूल लहान असेल तर. रिकाम्या वर्गात आई आणि मूल पत्ते खेळत बसतात. मूल मोकळं बोलू लागलं की बाई दाराशी येऊन उभ्या राहतात, मुलाकडे न बघता. पुढच्या वेळी एक बाक जवळ. मग त्याच खेळात सामील. आई हळूच बाहेर पडते. पायरी कितीही लहान असली तरी चालेल, पण घाई केली की मूल पुन्हा मिटतं. ‘बोल ना, काका विचारताहेत’ हा आग्रह तर फारच जाचक. यात महिनोन्‌महिने जातात, आणि शाळेची साथ नसेल तर गाडी अडते.

औषध म्हणजे बहुधा फ्लुओक्सेटिनसारखं एसएसआरआय, म्हणजे चिंता आणि नैराश्यावर देतात त्या गटातलं औषध. ते बोलायला शिकवत नाही, भीतीची धार कमी करतं; त्यालाही काही आठवडे लागतात. मूल मोठं असेल, वर्षानुवर्षं गप्प असेल किंवा वर्तनोपचाराची पहिली पायरीच चढू शकत नसेल, तेव्हा बालमानसोपचारतज्ज्ञ ते सुचवतात, शक्यतो वर्तनोपचार चालू ठेवूनच. पोटदुखी, झोप उडणं, अस्वस्थपणा या दुष्परिणामांवर लक्ष हवं, आणि गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.