जुन्या कॅम्परची आतली बॅटरी: सोलापूरच्या उन्हात ट्यूब्युलर घ्यावी की लिथियम?

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर स्वतः करून घेतलेला असो किंवा कुणीतरी केलेला सेकंडहँड घेतलेला असो, पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा आतल्या बॅटरीवर येऊन ठेपतो. इंजिन स्टार्ट करणारी बॅटरी वेगळी. इथे बोलतोय ते दिवे, पंखा, फ्रीज आणि पाण्याचा पंप चालवणाऱ्या बॅटरीबद्दल. दुकानात पहिला प्रश्न येतो, 'वर्षातून किती फिरता?' सोलापुरात निर्णय खरा ठरतो तो दुसऱ्याच प्रश्नावर: फिरत नसते तेव्हा गाडी कुठे उभी असते, आणि तिथे तिला चार्जिंग मिळतं का?

आधी जुनी खरंच गेली आहे का ते बघा

बॅटरी पूर्ण चार्ज करा, सगळा लोड बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी व्होल्ट मोजा. लेड-ॲसिड बॅटरीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.८ म्हणजे रिकामी. पाण्याची बॅटरी असेल तर सहाही सेलमध्ये हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) लावा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून जास्त खाली असेल तर ती बॅटरी आता बदलायचीच.

आकडे ठीक असूनही पंखा मंदावत असेल तर दोष बहुधा अर्थिंगचा. पंप, पंखा आणि फ्रीज एकदम चालू करा. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी चासीच्या उघड्या लोखंडावर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्ट काढा, गंज आणि रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, नवं थिंबल दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीत हे न करता नवी बॅटरी घेणं म्हणजे पैसे पाण्यात. इन्व्हर्टरही तपासा. काहीही न चालवता तो नुसता चालू ठेवला तरी अर्धा ते एक अँपिअर खातो. एक अँपिअर धरला तर दिवसाला २४ अँपिअर-अवर गेले.

किती क्षमता लागते

४० ते ५० लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला ४५ ते ६० अँपिअर-अवर घेतो, कारण बाहेर ४२-४३ अंश असताना कंप्रेसर फारसा थांबतच नाही. ३० वॉटचा बीएलडीसी पंखा रात्रभर दहा तास चालला की २५. दिवे, पंप आणि मोबाइल मिळून आणखी १५. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाला शंभरएक धरून चला.

ट्यूब्युलर (घरच्या इन्व्हर्टरला असते तशी, पाणी भरायची लेड-ॲसिड बॅटरी) निम्मीच वापरायची, त्यामुळे २०० अँपिअर-अवर घ्यावी लागते. लिथियम (लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी) ८० ते ९० टक्के वापरता येते, म्हणून १२० वर भागतं आणि १५० घेतली तर ढगाळ दिवसाचीही सोय होते. घरचा एक टनाचा एसी चालवायचा असेल तर हिशेबच बदलतो. १२ व्होल्टवर तो ९० अँपिअरच्या घरात खेचतो. ते काम ट्यूब्युलरचं नाही.

ट्यूब्युलर: घ्यायची तर ई-रिक्षाची

लोडशेडिंगच्या दिवसांपासून सोलापुरात इन्व्हर्टर-बॅटरीची दुकानं जागोजाग आहेत, त्यामुळे १५० अँपिअर-अवरची उंच ट्यूब्युलर सहज मिळते आणि गळ्यात पडते. ती गाडीत घालू नका. ती एका जागी ठेवायला बनवलेली असते. तुळजापूर-अक्कलकोटच्या रस्त्यांवर हादरे बसले की प्लेटांवरचा मसाला झडून तळाशी साचतो, सेल आतून शॉर्ट होतात आणि वळणावर झाकणातून ॲसिड बाहेर येतं. गाडीत बसवल्याचं कळलं की वॉरंटीवरूनही वाद होतो.

ई-रिक्षासाठीच्या १०० अँपिअर-अवरच्या बुटक्या ट्यूब्युलर बॅटऱ्या हादरे आणि रोजचं खोल डिस्चार्ज धरूनच बनवतात. त्या दोन, समांतर जोडून. दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच महिन्याच्या घ्या. पॉझिटिव्ह एकीवरून काढला तर निगेटिव्ह दुसरीवरून काढा, नाहीतर एक बॅटरी जास्त राबते आणि लवकर बसते. एकेक तीसेक किलोची असते, म्हणजे साठ किलो वजन. ते एकाच बाजूच्या पाट्यांवर (स्प्रिंगवर) देऊ नका.

देखभालीत पाणी सगळ्यात महत्त्वाचं. उन्हाळ्यात दर १५ दिवसांनी पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं जड पाणी तर नकोच, आरओचंही नको, कारण त्यातही क्षार उरतात. पाणी चार्जिंग झाल्यावर भरायचं. आधी काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ते फुगून बाहेर येतं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड दिसली की एका लिटर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून धुवा, पण व्हेंट प्लग घट्ट असल्याची खात्री करून. सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. ट्रेखालचा चासीचा भागही बघा. तिथे ॲसिड झिरपत असेल तर लोखंडाचे पापुद्रे सुटलेले दिसतील.

चार्ज होताना या बॅटऱ्यांमधून हायड्रोजन निघतो. तो हलका असल्यामुळे पेटीची जाळी किंवा नळी वरच्या बाजूने गाडीबाहेर काढावी लागते. पलंगाखाली, उघडी, गॅस शेगडीशेजारी ठेवलेली ट्यूब्युलर दिसली तर ती आधी हलवा, बाकीची कामं नंतर.

उन्हाचा फटका चार्जिंग व्होल्टेजमधूनही बसतो. १४.४ व्होल्ट हा आकडा २५ अंशांसाठी असतो. त्यावर प्रत्येक अंशाला १८ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. बॅटरी ४५ अंशांवर असेल तर १४.०४. सोलर कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नसेल तर मेमध्ये बॅटरी उकळत राहते, पाणी उडतं आणि प्लेटा उघड्या पडतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य निम्मं होतं, असा ढोबळ हिशेब आहे.

एजीएम किंवा जेल या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीला पाणी लागत नाही म्हणून ती मधली वाट वाटते. इथे ती घेऊ नये. उन्हात तीही सुकते, फरक इतकाच की तिच्यात पाणी भरता येत नाही.

लिथियम: बॅटरीसोबत जोडणीचाही खर्च

१५० अँपिअर-अवरची लिथियम सतरा-अठरा किलोची असते, गॅस सोडत नाही, पाणी मागत नाही. आतल्या जमिनीवर बसवता येते. चाकाच्या कमानीला आणि सायलेन्सरच्या बाजूला मात्र नको. बहुतेक पॅकची चार्जिंगची वरची मर्यादा ४५ ते ५५ अंश असते. बंद गाडी दुपारी उन्हात राहिली की आतली हवा त्याच्याही वर जाते आणि बीएमएस (पॅकमधलं संरक्षणाचं सर्किट) चार्जिंग तोडतो. 'सोलर असून चार्ज होत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. दुपारी सावली किंवा छताचा पंखा एवढाच त्यावर उपाय.

जुन्या गाडीतला खरा धोका आल्टरनेटरला. ट्यूब्युलर साध्या रिलेवरून (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या जोडणारा स्विच) चार्ज होते, कारण ती भरत आली की स्वतःच करंट कमी घेते. लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा करंट खेचते. आयडलिंगला आल्टरनेटरचा पंखा हळू फिरतो, वाइंडिंग तापतं आणि जळतं. त्यात बीएमएसने मध्येच तोडलं तर व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर जातात. म्हणून जुना रिले काढून टाका आणि मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर घाला, म्हणजे आल्टरनेटरवरून ठरलेलाच करंट खेचला जातो. जुन्या आल्टरनेटरला २० ते ३० अँपिअरचा पुरे, त्याहून मोठा नको. पाचेक मीटर अंतराला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३० अँपिअरच्या चार्जरला दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकाशी ४० अँपिअरचा फ्यूज. लिथियमच्या मुख्य पॉझिटिव्हवर क्लास टी फ्यूज लावा. तिचा शॉर्ट-सर्किट करंट इतका असतो की साध्या फ्यूजमध्ये ठिणगी तुटेलच असं नाही.

सोलर कंट्रोलर आणि चार्जर लिथियमच्या सेटिंगवर न्या: १४.२ ते १४.४ व्होल्ट, इक्वलायझेशन (अधूनमधून जास्त व्होल्टने चार्ज करणं) बंद, तापमान भरपाई बंद. जुन्या कंट्रोलरला हे जमत नसेल तर तोही बदला. किती चार्ज उरलाय हे व्होल्टमीटरवरून कळत नाही, कारण ७० टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत आकडा १३.२ वरून जेमतेम १३.० वर येतो. त्यासाठी शंट (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारी पट्टी) लावलेला बॅटरी मॉनिटर घ्यावा लागतो.

जुळणी केलेला पॅक घेत असाल तर सेल नवे की वापरलेले, बीएमएसची सततची क्षमता किती अँपिअर आणि तापमान मर्यादा किती, हे बिलावर लिहून घ्या. तोंडी वॉरंटीवर पॅक घेऊ नका.

उभी गाडी

ट्यूब्युलर भरलेली ठेवावी लागते आणि लिथियम अर्धी. अर्ध्या चार्जवर उन्हात तीन महिने पडलेल्या ट्यूब्युलरच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ते सुटत नाही. लिथियम १०० टक्के भरून तापत ठेवली तर तिची क्षमता हळूहळू कमी होते. ४० ते ५० टक्क्यांवर आणून, मेन स्विच बंद करून आणि सोलरची लाइन तोडून ठेवली तर ती महिनोन्‌महिने शांत राहते.

म्हणून कमी फिरणाऱ्याने स्वस्तातली ट्यूब्युलर घ्यावी हा नेहमीचा सल्ला आम्हाला पटत नाही. गाडी घराच्या दारात, शेडखाली, प्लग किंवा छतावरच्या सोलरला जोडून उभी असेल आणि पाणी बघणारं कुणी असेल, तर ई-रिक्षाच्या दोन ट्यूब्युलर घ्या. जुना रिले आणि चार्जर तसाच चालतो आणि खराब झाल्या तर मोडीचे पैसेही येतात. आषाढीला पंढरपूर, दिवाळीत एक लांबची सहल आणि बाकी वर्षभर गावाबाहेरच्या प्लॉटवर विनाप्लग उभी, अशा गाडीला लिथियमच परवडते, कारण तिथे ट्यूब्युलर दुसरा उन्हाळा क्वचितच काढते. एसी हवा असेल किंवा बॅटरीला बाहेर हवा जाणारी पेटी करायला जागाच नसेल, तरीही लिथियमच.

सगळं धरून लिथियमचा खर्च सुरुवातीला बराच जास्त जातो. तो एकदम झेपत नसेल तर या वर्षी अर्थिंग, वायरिंग आणि दोन्ही सेटिंग असलेला कंट्रोलर करून घ्या, जुनी चालेल तेवढी चालवा आणि बॅटरी पुढच्या हिवाळ्यात घ्या. तोपर्यंत 'जुनी ट्यूब्युलर राहू द्या, तिच्याशेजारी लिथियम समांतर जोडू' असं वायरमनने सुचवलं तर ऐकू नका. दोघींचे चार्जिंगचे आकडे वेगळे असतात. लिथियम जुनीला सतत भरत राहते, जुनी पाणी उडवत राहते आणि तिचा एखादा सेल शॉर्ट झाला की सगळा करंट त्याच सेलमध्ये जातो.