साडेतीनशे रुपयांचे वाफाऱ्याचे यंत्र : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या थंडीत कोणाचे नाक चोंदले की आमच्या घरी पूर्वी गॅसवरून उतरवलेले उकळत्या पाण्याचे पातेले आणि डोक्यावरून घेतलेली जाड चादर एवढाच सरंजाम असे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर घरातील चौघेही एकापाठोपाठ आजारी पडलो, तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून विजेवर चालणारे वाफाऱ्याचे यंत्र साडेतीनशे रुपयांना आणले. त्यानंतरचे दोन हिवाळे आणि एक पावसाळा ते सतत वापरात आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतील बहुतेक यंत्रांची रचना सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते मर्यादित नाही.

यंत्र म्हणजे प्लास्टिकचे एक भांडे, त्यात उतरणारी धातूच्या दोन पट्ट्यांची नळी, वर झाकण आणि झाकणावर बसणारा नाकातोंडाचा मुखवटा. यात पाणी तापवणारी कॉइल नसते, ही गोष्ट आणल्यानंतर चार दिवसांनी मला कळली आणि तीही अडचण आल्यामुळे. आम्ही स्वच्छतेच्या विचाराने पिण्याच्या फिल्टरचे पाणी घालत होतो आणि दहा मिनिटे झाली तरी वाफेचा पत्ता नसे. यंत्र बिघडले असे समजून मी ते परत करायला निघाले होते. प्रत्यक्षात वीज एका पट्टीकडून दुसरीकडे पाण्यातूनच जाते आणि त्यामुळे पाणी तापते, आर.ओ. फिल्टरमधून आलेल्या पाण्यात क्षार फारच कमी उरत असल्याने त्यातून वीज नीट वाहत नाही. साधे नळाचे पाणी घातल्याबरोबर दोनतीन मिनिटांत भरपूर वाफ आली. ज्यांच्याकडे केवळ फिल्टरचेच पाणी असेल त्यांनी चिमटीच्याही निम्मे मीठ घालावे. जास्त घातले तर पाणी उसळून गरम थेंब बाहेर उडतात. उलट बोअरवेलच्या जड पाण्याने पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि तो महिन्यातून एकदा व्हिनेगरने काढावा लागतो.

या रचनेचा एक फायदा असा की पाणी पट्ट्यांच्या खाली गेले की विद्युतमंडल आपोआप तुटते, त्यामुळे रिकामे भांडे जळण्याची भीती नाही. मात्र याच रचनेतील धोका फायद्यापेक्षा मोठा आहे. यंत्र चालू असताना आतल्या पाण्यातून घरातील पूर्ण दाबाची वीज वाहत असते, म्हणून प्लग काढल्याशिवाय झाकण उघडणे किंवा पाण्यात बोट घालणे जिवावर बेतू शकते. ही सूचना माहितीपत्रकात आहे, पण मुगाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत, नवव्या क्रमांकावर. ती झाकणावरच लाल अक्षरांत कोरलेली असायला हवी होती. भांड्याचा तळही हवा तेवढा रुंद नाही आणि वायर जेमतेम दीड मीटर असल्याने यंत्र टेबलाच्या कडेला ठेवावे लागते. लहान मूल असलेल्या घरात लोंबणारी वायर म्हणजे उकळते पाणी अंगावर ओढून घेण्याचे आमंत्रण आहे. पातेल्यापेक्षा झाकण असलेले हे भांडे निश्चितच सुरक्षित आहे, कारण वाफाऱ्याचे पातेले कलंडून मुले भाजण्याच्या घटना नव्या नाहीत. तरीही आमच्या सात वर्षांच्या मुलाला मी यंत्रासमोर कधीही एकटे बसवलेले नाही.

आता यंत्राच्या कामाविषयी. नाक पूर्ण बंद असताना पाचसात मिनिटे वाफ घेतली की शेंबूड पातळ होतो, नाक शिंकरता येते, घशाचा कोरडेपणा कमी होतो आणि रात्री निदान पहिली झोप बरी लागते. एवढ्यासाठी साडेतीनशे रुपये मला अजिबात जास्त वाटत नाहीत. आराम तासाभरात ओसरतो, तेही मला मान्य आहे. माझी तक्रार खोक्यावर छापलेल्या मजकुराबद्दल आहे. तेथे सर्दी, खोकला, सायनस, दमा आणि ‘छातीचे सर्व विकार’ यांवर हे यंत्र गुणकारी असल्याचे म्हटले आहे, आणि हा दावा खरा नाही.

साध्या सर्दीला कारणीभूत होणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा असतो. हे विषाणू नाकाघशाच्या अस्तराच्या पेशींमध्ये शिरून तेथेच वाढतात. माणसाला सोसेल इतक्या गरम वाफेने पेशीच्या आतील विषाणू मरत नाही, आणि तो मरेल इतकी गरम वाफ घेतली तर आधी अस्तरच भाजेल. सर्दीवर गरम दमट हवेचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या तुलनात्मक चाचण्यांचे एकत्रित परीक्षण कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केले आहे; त्यात सातत्याने दिसणारा फायदा आढळला नाही. सर्दी आपल्या प्रतिकारशक्तीने साधारण सात ते दहा दिवसांत बरी होते आणि खोकला त्यानंतरही आठ-पंधरा दिवस रेंगाळू शकतो. या काळात तापासाठी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, मिठाच्या गुळण्या, नाकात सलाइनचे थेंब आणि विश्रांती, एवढाच उपचार पुरतो. वर्षापेक्षा मोठ्या मुलाला रात्रीच्या खोकल्यासाठी चमचाभर मध द्यायला हरकत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नये, कारण त्यातून बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

पाण्यात बाम किंवा कॅप्सूल टाकण्याची पद्धत आमच्याकडेही होती. बामातील मेंथॉलमुळे नाकातील थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतना मिळते आणि नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण नाकातून जाणारी हवा त्यामुळे वाढत नाही. शिवाय बामाचा तेलकट थर पट्ट्यांवर बसून यंत्र खराब होते. लहान मुलांच्या बाबतीत कापूर असलेले बाम वाफेत घालूच नयेत. आम्ही आता नुसते पाणी वापरतो आणि आरामात काहीही फरक पडलेला नाही.

या यंत्राला मी सरळ शिफारस का देत नाही, याचे कारण गेल्या जानेवारीत घडले. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. त्यांना आधी सर्दी झाली, तीन दिवसांनी बरे वाटू लागले आणि मग पुन्हा ताप आला. ताप फार नव्हता, शंभरच्या आसपास. त्या दिवसातून चार-पाच वेळा यंत्रासमोर बसत आणि डॉक्टरांकडे जाऊ या म्हटले की म्हणत, ‘‘अगं, वाफ घेतेय ना मी, छाती मोकळी वाटतेय. उतरेल दोन दिवसांत.’’ वाफेनंतर त्यांना खरोखरच हलके वाटत असे, म्हणून मीही गप्प बसले. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्या चहाचा कप हातात धरून कुठे ठेवू असे विचारू लागल्या आणि दोन वाक्यांमध्ये थांबू लागल्या. मी घड्याळ लावून त्यांचे श्वास मोजले, ते मिनिटाला बत्तीस भरले. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाचे श्वास साधारण बारा ते वीस असतात. बोटाला लावायच्या यंत्राने ऑक्सिजन नव्वद दाखवला. त्याच दिवशी एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला. पाच दिवस रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके आणि ऑक्सिजन द्यावा लागला. त्या बऱ्या झाल्या, पण पूर्वीसारखी ताकद यायला होळी उजाडली.

डॉक्टरांनी मला समजावून सांगितले ते असे. विषाणूने श्वासमार्गाचे अस्तर दुखावले की त्या वाटेने जिवाणूंना फुप्फुसात शिरायला संधी मिळते, म्हणून बरे वाटून पुन्हा ताप येणे ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नसते. न्यूमोनियात फुप्फुसातील हवेच्या सूक्ष्म पिशव्या द्रवाने आणि पुवाने भरतात. यंत्राची वाफ नाकाघशातच निवते, तिथपर्यंत तिचे काहीही चालत नाही. वृद्धांना आणि मधुमेहींना ताप बेताचाच असू शकतो, आणि गोंधळल्यासारखे वागणे हेच कधीकधी पहिले लक्षण असते. वाफाऱ्याने वरच्या मार्गाला मिळालेला आराम खालचा आजार झाकून ठेवतो, आणि आमच्या घरी नेमके तेच झाले.

म्हणून हे यंत्र घेणाऱ्यांनी त्यासोबत श्वास मोजण्याची सवय लावून घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणेन. त्याला पैसे लागत नाहीत, सेकंदकाटा लागतो. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक असतील तर ते वेगवान समजतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मोठ्या माणसाचा ऑक्सिजन 94 च्या खाली असेल, तर वाफारा बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्यासाठी क्षयरोगाची थुंकी तपासणी करून घ्यावी. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

वाफाऱ्यावर अतिविश्वास ठेवण्याइतकीच दुसरी चूक म्हणजे पहिल्याच शिंकेला दुकानातून प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या आणणे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, हा समज माझाही होता. तो रंग प्रामुख्याने आपल्याच पांढऱ्या पेशींमधून येतो आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही दिसतो. प्रतिजैविके विषाणूवर काम करत नाहीत. सासूबाईंना ती हवीच होती, मुलाच्या सर्दीला नको होती, आणि हा फरक ठरवण्याचे काम दुकानाच्या काउंटरवर होऊ शकत नाही. फ्लूवर ओसेल्टामिव्हिर हे विषाणूविरोधी औषध आहे, पण ते पहिल्या दोन दिवसांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते. म्हणजे तेथेही वाट पाहण्याची किंमत मोजावी लागते.

संसर्ग पसरण्याच्या बाबतीतही या यंत्राकडे नीट पाहावे लागते. खोकला, शिंक आणि नुसते बोलणे यांतून उडणारे थेंब, बंद खोलीतील हवेत तरंगणारे बारीक कण आणि नाक पुसलेले हात या वाटांनी हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू शकतो. पहिल्या वर्षी आम्ही चौघे एकाच मुखवट्यातून, दारे-खिडक्या लावून, एकामागून एक वाफ घेत होतो. आज ते आठवले की वाईट वाटते. मुखवटा नाकातोंडाला चिकटतो, त्यात शेंबडाचे आणि थुंकीचे थेंब पडतात, आणि नुसते पाण्याने विसळून भागत नाही. आता प्रत्येकाचा मुखवटा वेगळा आहे, तो साबणाने धुऊन वाळवला जातो, खोलीची एक खिडकी उघडी असते आणि भांड्यातील उरलेले पाणी लगेच ओतून दिले जाते.

घ्यावे की नाही, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे आहे : घरात समजूतदार मोठी माणसे असतील तर घ्यावे, पाच वर्षांच्या आतील मुलासाठी म्हणून घेऊ नये आणि दमा असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण दम्यावर उपचार इनहेलरचा आहे, वाफेचा नाही. पाचपैकी तीन तारे मी आरामासाठी आणि टिकाऊपणासाठी देते. उरलेल्या दोनांपैकी एक वायर, तळ आणि सूचनेची अक्षरे यांसाठी कापला आहे आणि एक खोक्यावरील दाव्यांसाठी. यंत्राखेरीज आणखी काही घ्यायचे मनात असेल, तर घरातील वृद्धांच्या फ्लूच्या आणि न्यूमोकॉकल (न्यूमोनियाच्या एका प्रमुख जिवाणूविरुद्धच्या) लसीविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. दोन्हींचा खर्च यंत्रापेक्षा जास्त आहे, पण सासूबाईंच्या रुग्णालयाच्या बिलापुढे तो फारच थोडा होता. बाळांसाठी न्यूमोकॉकल लस सरकारी लसीकरणात सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत मोफत मिळते.

खोक्यावर दिलेल्या पत्त्यावर मी मार्चमध्ये पत्र पाठवले. विजेची सूचना झाकणावर मोठ्या अक्षरांत छापावी, ‘छातीचे सर्व विकार’ हे शब्द काढावेत आणि त्या जागी धाप लागत असल्यास किंवा ताप उलटून आल्यास डॉक्टरांकडे जावे असे लिहावे, एवढ्या तीन मागण्या त्यात होत्या. उत्तर आलेले नाही. परवा त्याच दुकानात नवे खोके पाहिले, मजकूर जसाच्या तसा आहे. म्हणून या आठवड्यात दुसरे पत्र पाठवते आहे.