वायूरूचं आर्मी म्युझियम : तीन तास हाताशी ठेवूनच जा

मुलगी हॅमिल्टनला असते, त्यामुळे न्यूझीलंडची ही माझी दुसरी खेप. पहिल्या वेळी एका टूरच्या बसने वायूरूला थांबले होते. चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली निम्मी बाहेरच्या रणगाड्यांपुढे फोटो काढण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. आत जिथे मला उभं राहायचं होतं तिथे जेमतेम पोचले, तोच परत बोलावणं आलं. ते मनाला लागून राहिलं होतं. या वर्षी जावयांना म्हटलं, बाकी काही दाखवू नका, मला तेवढं वायूरूला न्या.

टाउपोहून दक्षिणेला हायवे एकने निघालं, की डेझर्ट रोडचा उजाड माळ लागतो, बाजूला रुआपेहू पर्वत, आणि मग ही लष्करी वस्ती. म्युझियम १९७८ सालचं. काँक्रीटची इमारत, भोवती पाण्याचा खंदक, लांबून भुईकोट किल्लाच वाटतो. तिकीट आहे, आत कॅफे आहे. हवा उन्हाळ्यातसुद्धा गार, स्वेटर न्याच.

आत ‘रोइमाता पोउनामू’ नावाची भिंत आहे. हिरव्या पोउनामू दगडावरून पाणी झिरपत राहतं आणि युद्धात गेलेल्यांची नावं एकामागून एक ऐकू येतात. मी तिथे बराच वेळ उभी होते. माझी नोकरी नागपूरच्या रेल्वे हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डात झाली. नाव पुकारलं जाणं आणि त्याला ‘ओ’ न येणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

पण मी गेले होते न्यूझीलंडचे सैनिक कॅप्टन चार्ल्स अपहम यांच्या पदकांसाठी. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटनचं लढाईतल्या शौर्याचं सर्वोच्च पदक. १८५६ पासून आजवर तो साडेतेराशेच्या वर वेळा दिला गेला. तो दोनदा मिळालेली माणसं तीनच, आणि त्यांतले दोघे डॉक्टर! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

पहिले डॉक्टर आर्थर मार्टिन-लीक. ८ फेब्रुवारी १९०२ ला दक्षिण आफ्रिकेत व्लाकफोंटेनला शंभर यार्डांवरून बोअरांच्या, म्हणजे ब्रिटिशांशी लढणाऱ्या डच वंशाच्या लोकांच्या, गोळ्या येत असताना ते एका जखमीची मलमपट्टी करत होते. मग एका जखमी अधिकाऱ्याला नीट निजवताना त्यांनाच गोळ्या लागल्या. पाणी आलं, तेव्हा बाकीचे प्यायल्याशिवाय त्यांनी घेतलं नाही. पुढे ते हिंदुस्थानात येऊन बंगाल-नागपूर रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. माझे आजोबा त्याच बी.एन.आर.च्या मोतीबाग कारखान्यात होते, म्हणून मला ते परके वाटतच नाहीत. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर चाळिशी गाठलेला हा माणूस पुन्हा गेला, बेल्जियममध्ये झोनेबेकेजवळ खंदकासमोर पडलेले जखमी उचलून आणले आणि दुसरा क्रॉस मिळवला. युद्ध संपल्यावर परत येऊन १९३७ पर्यंत रेल्वेचीच नोकरी केली.

दुसरे डॉक्टर नोएल शव्हास. १९१६ ला फ्रान्समध्ये गियमाँला पहिला क्रॉस, पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये ईप्रजवळ दुसरा. स्वतः जखमी असून दोन दिवस त्यांनी जागा सोडली नाही, जखमी हुडकत राहिले आणि ४ ऑगस्ट १९१७ ला गेले. बेल्जियममधल्या त्यांच्या थडग्याच्या दगडावर दोन क्रॉस कोरले आहेत.

तिसरे अपहम. तिघांत हेच एकटे लढणारे सैनिक. क्राइस्टचर्चचे, मेंढ्यांच्या कुरणांवर काम केलेले. मे १९४१ मध्ये क्रीट बेटावर हगवणीने पोखरलेले, खांद्यात तोफगोळ्याची कपची आणि पायात गोळी, तरीही नऊ दिवस आपल्या प्लॅटूनला घेऊन लढले. पुढच्या वर्षी, जुलै १९४२ मध्ये, इजिप्तमध्ये रुवेसात टेकडीवर कोपर गोळीने फुटलं, तरी हटले नाहीत, शेवटी जर्मनांच्या हाती सापडले. त्या रात्री त्याच टेकडीवर शेजारी पाचवी भारतीय ब्रिगेड लढत होती, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. कोपर फुटलेल्या माणसाची ड्रेसिंग मी केली आहे. नुसतं उशीवर हात ठेवतानाही तो ओरडतो.

युद्धानंतर त्यांच्या कँटरबरी प्रांतातल्या लोकांनी शेत घेऊन देण्यासाठी दहा हजार पौंड जमवले. अपहम यांनी ते घेतले नाहीत. त्या पैशातून सैनिकांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निघाली, आणि त्यांनी स्वतः कर्ज काढून शेती केली. त्यांची पत्नी मॉली नर्स होती आणि शव्हास यांच्या लांबच्या नात्यातली. हे कळलं तेव्हा मला उगीचच घरच्यासारखा आनंद झाला होता.

पदकांचीही एक गोष्ट आहे. २००६ ला कुटुंबाने ती लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमला विकली, पण अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून ती वायूरूलाच राहिली. २ डिसेंबर २००७ ला चोरांनी इथून ९६ पदकं पळवली, त्यांत नऊ व्हिक्टोरिया क्रॉस होते, अपहम यांचाही. तीन लाख डॉलरचं बक्षीस लागलं आणि फेब्रुवारीत सगळी परत मिळाली.

लहान मुलं बरोबर असतील तर ती रणगाडे आणि तोफा बघून खूश होतील. मोठ्यांनी मात्र घाई करू नये. तीन तास मला कमीच पडले. शेवटची वीस मिनिटं राखून ठेवली होती, त्यात पुन्हा अपहम यांच्याकडे गेले.

आणि वाचायचा चष्मा बरोबर घ्या. क्रॉस ब्राँझचा, काळपट, फिती लालसर. दुसऱ्यांदा मिळाला म्हणून दुसरा क्रॉस लावत नाहीत, त्याच फितीवर एक बारीक आडवी पट्टी येते, बोटाच्या पेराएवढी. मागच्या खेपेला मला ती दिसलीच नव्हती.